डावीकडचा चौथा बाक

१

संत गेरट्रूडच्या चर्चमध्ये बाकांना दारं आहेत. कमरेइतकी उंच, करड्या रंगाची, प्रत्येकाला एक पितळी खिटी. डावीकडे चोवीस, उजवीकडे चोवीस. कोण्या एके काळी टॅलिनच्या व्यापाऱ्यांनी आपापल्या कुटुंबासाठी हे बाक करून घेतले आणि पायाला गार वारा लागू नये म्हणून त्यांना दारं बसवली. व्यापारी गेले, त्यांची नावंही पुसली गेली, दारं तेवढी राहिली. ती रोज लावायचं काम एन्दला तामसालूकडे होतं.

एन्दला साठीची. चर्चची झाडलोट, मेणबत्त्या, घंटा, रविवारच्या भजनांच्या क्रमांकांचे लाकडी आकडे फळीवर अडकवणं, सगळं तीच बघायची. तिच्याआधी हेच काम तिची आई मीता करायची, तेही रशियन अमदानीत, जेव्हा चर्च झाडणाऱ्या बाईच्या मुलीला शाळेत उभं करून 'आज देव दिसला का गं?' असं विचारत. मीतानं कुणाची पर्वा केली नाही. तिची शिस्त अशी की संध्याकाळी पाचला शेवटची फेरी. उजवीकडून वेदीपर्यंत जायचं, डावीकडून मागे यायचं, आणि प्रत्येक खिटीला बोटानं टिचकी मारायची. खिटी नीट बसली असेल तर आवाज आखूड येतो, टक्. सैल असेल तर ती टर्रकन थरथरते. अठ्ठेचाळीस टिचक्या झाल्या की मोठं दार ओढून घरी. एन्दलाला ही सवय आईच्या दुधाबरोबरच लागली असावी. आई जाऊन सहा वर्षं झाली होती आणि या सहा वर्षांत तिची एकही टिचकी चुकली नव्हती.

म्हणून चार नोव्हेंबरच्या सोमवारी सकाळी डावीकडच्या शेवटच्या, चोविसाव्या बाकाचं दार उघडं दिसलं तेव्हा ती जराशी चिडली. स्वतःवरच चिडली. 'वय झालं बाई,' म्हणाली, दार लावलं, टिचकी मारली आणि झाडू घ्यायला गेली.

२

मंगळवारी तेविसावं दार उघडं होतं. बुधवारी बाविसावं.

ऑर्गन वाजवणारा ओस्वाल्ड बुधवारी सरावाला आला. सत्तरीचा, सडाफटिंग, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेला माणूस. एन्दला त्याला पन्नास वर्षं ओळखत होती आणि त्यातली निदान चाळीस वर्षं त्याच्याशी वाद घालण्यात गेली होती.

"लाकूड आहे ते," ओस्वाल्ड म्हणाला. "गेल्या वर्षी आपल्या पाद्री गुरुजींनी बाकांखाली विजेच्या गरम नळ्या बसवल्या ना? लाकूड तापतं, फुगतं, खिटी सटकते. एवढं साधं शास्त्र कळत नाही तुला."

"आणि रोज एकच दार फुगतं?"

"मग काय अठ्ठेचाळीस फुगायला हवीत? हावरट आहेस."

"नळ्या गेल्या वर्षीही होत्या, ओस्वाल्ड."

"गेल्या वर्षी तू नीट लावत होतीस. आता लावतेस असं तुला वाटतं." तो जिन्यावरून वर जाता जाता वळला. "मला बघ. परवा चष्मा शोधत होतो अर्धा तास."

"नाकावर होता?"

"फ्रिजमध्ये होता. लोण्याच्या डब्यावर. म्हणून सांगतो, दाराचं मनाला लावून घेऊ नकोस."

त्याचं बोलणं पटण्यासारखं होतं. एन्दला तशी भोळसट बाई नव्हती. तिनं प्रत्येक खिटीत तेलाचा थेंब सोडला, बाकाखालच्या नळ्यांना हात लावून बघितला, मांजर शिरतं का म्हणून तळघराची जाळीही तपासली. किल्ल्या दोनच. एक तिच्याकडे, एक गुरुजींकडे. गुरुजी रोज रात्री येऊन एकेक दार उघडतील हे काही मनाला पटेना. संध्याकाळी तिनं टिचक्या मारल्या, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस आखूड वाजल्या.

गुरुवारी एकविसावं दार उघडं होतं. सताड वगैरे काही नाही. एक माणूस आत शिरून बसेल एवढंच.

३

त्या गावात पाद्र्यांना गुरुजीच म्हणतात. संत गेरट्रूडचे तानेल गुरुजी पस्तिशीचे होते, बोलायला मऊ आणि कागदपत्रांत पक्के. शुक्रवारी त्यांनी एन्दलाला कचेरीत बोलावून चहा दिला आणि एक यादी पुढे सरकवली.

"मृतांच्या रविवारची नावं," ते म्हणाले. "या वर्षीचे तेरा जण आहेत. एकदा नजर घाला. स्पेलिंगवरून मागच्या वर्षी तान्नरबाई केवढ्या रागावल्या होत्या."

अ‍ॅडव्हेंट, म्हणजे नाताळच्या आधीचे चार आठवडे, सुरू होण्याच्या आदल्या रविवारी, वर्षभरात वारलेल्यांची नावं वेदीपुढे एकेक करून वाचतात. नाव वाचलं की घरचं माणूस उठतं, पुढे जाऊन एक मेणबत्ती लावतं आणि जागेवर येऊन बसतं. एवढंच. पण एकदा नाव वाचलं की ते माणूस गेलं. त्यानंतर घरात त्याच्याबद्दल कुणी 'येईल' म्हणत नाही.

एन्दलानं तेरा नावं वाचली. मग चहाचा कप दोन्ही हातांत धरला.

"गुरुजी," ती म्हणाली, "यात आणखी एक घालता येईल? जुनं?"

गुरुजींनी पेन खाली ठेवलं. "लेंबित?"

सगळ्या चर्चला लेंबित माहीत होता. एन्दलाचा भाऊ. एकोणीसशे चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात, रशियन फौजा गावात शिरायच्या दोन दिवस आधी, एकोणीस वर्षांचा लेंबित 'जाडी मार्गारेट' नावाच्या बुरुजाखालून बंदरावर गेला आणि स्वीडनला निघालेल्या एका मच्छीमार बोटीत चढला. तेव्हा एन्दला आठ वर्षांची होती. त्या बोटीतलं कुणी पुढे कुणाला भेटल्याचं ऐकिवात नाही. पत्र नाही, निरोप नाही. देश पुन्हा स्वतंत्र झाल्यावर एन्दलानं स्वीडनला तीनदा लिहून विचारलं. तिन्ही वेळा सभ्य भाषेत एकच उत्तर आलं, की अशा नावाची नोंद नाही.

मीतानं मात्र त्याचं नाव कधी वाचू दिलं नाही. 'नाव वाचलं नाही तोवर तो वाटेवर आहे,' ती म्हणायची. आणि नुसतं म्हणायची नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घराला तिनं पुढची शेहेचाळीस वर्षं आतून कडी घातली नाही. रात्री-बेरात्री पोलीस लोकांना उचलून नेत होते त्या काळातही दार नुसतं लोटलेलं असायचं. शेजारी म्हणत, बाई वेडी आहे. आई वारल्यावर एन्दलानं पहिल्या आठवड्यात सुताराकडून दाराला लोखंडी कडी बसवून घेतली, आणि मग त्या कडीकडे बघून पोटभर रडली.

"आईची इच्छा नव्हती," ती गुरुजींना म्हणाली. "पण मी साठीची झाले. मला ना मूल ना बाळ. मी गेल्यावर त्याचं नाव घेणारं जगात कुणी उरणार नाही. मग तो मेलाही नाही आणि जगलाही नाही, असाच कुठंतरी लोंबकळत राहील. असं बरं दिसतं का?"

"नाही," गुरुजी हळूच म्हणाले. "नाही दिसत."

त्यांनी यादीच्या तळाशी चौदावं नाव लिहिलं. लेंबित तामसालू. त्यांचं अक्षर फार सुरेख होतं.

४

दारं पुढेपुढे सरकताहेत हे एन्दलाला माहीत होतंच, पण ती कुठे निघाली आहेत हे शनिवारी कळलं. एकोणिसावं दार लावताना तिनं सहज वेदीकडे पाहिलं, आणि नजर वाटेत अडली. डावीकडचा चौथा बाक. तामसालूंचा. बापाच्या वेळेपासून ते तिथेच बसत आले होते. आई, मधे लेंबित, आणि भिंतीकडे, पाय जमिनीला न पोचणारी एन्दला.

तिनं बोटांवर मोजलं. रोज एक बाक. चौथ्याला पोचायला अजून पंधरा दिवस. चोवीस तारीख. मृतांचा रविवार.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते कधीकधी, असं ती स्वतःला म्हणाली. मग झाडू टेकवून शेवटच्या बाकावर बसली, कारण दोन नोव्हेंबरची संध्याकाळ तिला आठवली होती.

दोन नोव्हेंबर म्हणजे आत्म्यांचा दिवस. चर्चच्या पुस्तकात त्याचं फारसं काही नाही, पण घराघरांत आहे. त्या संध्याकाळी टेबलावर जवाची खीर, काळा पाव, खारवलेली मासळी मांडायची, खिडकीत मेणबत्ती लावायची आणि घरातल्या गेलेल्यांना नावानं जेवायला बोलवायचं. मग सगळ्यांनी गप्प बसायचं. मेणबत्ती बोटभर उरली की घरातल्या मोठ्यानं उठून त्यांना निरोप द्यायचा: 'आलात, जेवलात, आता जा. रस्त्यानं जा, पेरलेलं तुडवू नका.' मीता गावाकडची. टॅलिनच्या दगडी गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, जिथून कोसभरात कणीसभरही शेत नाही, तिथेही ती दरवर्षी न चुकता पेरलेलं तुडवू नका म्हणून बजावायची. लहानपणी एन्दलाला हसू आवरायचं नाही. आई म्हणायची, "हस तू. बोलावणं सोपं असतं. पाठवणं विसरलीस की कळेल."

आई गेल्यावर ते काम एन्दलाकडे आलं. यंदाही तिनं टेबल मांडलं. बाबा या. हेलमी मावशी ये. आई ये. आणि मग, महिनाभर त्याच नावाचा विचार डोक्यात घोळत असल्यामुळे असेल, तिच्या तोंडून निघून गेलं: लेंबित ये.

शब्द निघाला तशी ती थिजली. जिवंत असेल-नसेल अशा माणसाला मेलेल्यांच्या पंगतीला बोलावलं. हे आजवर त्या घरात कुणी केलं नव्हतं. तिला इतकं भ्यायला झालं की तिनं दिवा लावला, मेणबत्ती फुंकली, खीर तशीच पातेल्यात ओतली आणि रेडिओ सुरू करून पांघरुणात शिरली.

निरोप राहिला होता.

आता रिकाम्या चर्चमध्ये बसून तिला दोन गोष्टी एकदम वाटल्या, आणि दोन्ही खऱ्या होत्या. एक म्हणजे भीती. दुसरी अशी की तो येतोय. बावन्न वर्षांनी का होईना, भिजलेला, गारठलेला, एकेक बाक करत लेंबित येतोय. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला त्याचा चेहरासुद्धा धड आठवत नव्हता.

५

ओस्वाल्डला तिनं यातलं अर्धंच सांगितलं. दारं ओळीनं उघडतात एवढंच.

"ओळीनं?" त्यानं भुवया उंचावल्या. "मग तू त्याची गंमत कर. एका संध्याकाळी सगळी दारं उघडी टाकून जा. बघू या भुताला काय करायला उरतं ते."

"मी भूत म्हटलं नाही."

"तुझ्या तोंडावर लिहिलंय. मला चष्म्याशिवायही वाचता येतं."

मंगळवारी संध्याकाळी तिनं खरोखरच तसं केलं. हात धजत नव्हता, तरी केलं. सगळ्या खिट्या काढल्या, सगळी दारं मार्गिकेत ढकलली. एवढी दारं एकदम उघडी तिनं जन्मात पाहिली नव्हती. आख्खं चर्च तोंड वासून बसल्यासारखं दिसत होतं. ती 'लांब पाय' नावाच्या गल्लीनं घरी गेली तेव्हा धुकं उतरलं होतं आणि टाऊन हॉलच्या शिखरावरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा शिपाई, म्हातारा टूमस, नावालाही दिसत नव्हता.

बुधवारी सकाळी तिनं मोठं दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

सत्तेचाळीस दारं बंद होती. खिट्या बसलेल्या. ती उजवीकडून गेली, एकेक टिचकी मारत. टक्, टक्, टक्. एकही सैल नाही. कुणीतरी मन लावून, सवयीच्या हातानं लावल्या होत्या. डावीकडे फक्त पंधराव्याचं दार उघडं होतं, माणूस शिरेल एवढंच.

पंधराव्या बाकावर तिनं हात ठेवला. लाकूड कोरडं होतं. समुद्राचा, डांबराचा, कशाचाही वास नव्हता. असलाच तर साबणाचा, पिवळ्या साबणाच्या वडीचा, पण तो तर तिच्या स्वतःच्या हातांना रोजच यायचा.

मनात कुठेतरी पाल चुकचुकली. दर्यात गेलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला खिट्या लावायची शिस्त कुठून आली? लेंबितनं आयुष्यात कधी दार धड लावलं नव्हतं. आई त्यावरूनच त्याला बोलायची. एन्दलानं तो विचार झटकला. तिला लेंबितच हवा होता. म्हणून तो लेंबितच होता.

६

पुढचे दहा दिवस सरळ गेले. भीतीचीसुद्धा सवय होते. ती सकाळी येई, उघडं दार बघे, 'आलास का इथवर?' म्हणे आणि ते लावून टाकी. चौदा, तेरा, बारा. अकराव्या बाकावर तिनं लोकरीची एक शाल ठेवली, तो गारठला असेल म्हणून. दुसऱ्या दिवशी शाल चौकोनी घडी करून बाकाच्या टोकाला ठेवलेली मिळाली.

शनिवारी तिनं रविवारच्या मेणबत्त्या मोजून ताटात लावल्या, चौदा. भजनांचे आकडे फळीवर अडकवले. संध्याकाळच्या फेरीला डावीकडे चौथ्या बाकाशी आली तेव्हा गुरुजी तिथे उभे होते.

"अजून विचार बदलता येईल," ते म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत."

"तुम्हाला का वाटलं मी बदलेन?"

"तसं नाही. पण तुमच्या आईंना मी ओळखत होतो. शेवटच्या आजारात भेटायला यायचो ना. एकदा मी म्हटलं, मीताबाई, लेंबितसाठी प्रार्थना करू या, त्याच्या आत्म्याला शांती मिळो. माझा हात असा धरला त्यांनी," गुरुजींनी स्वतःचं मनगट आवळून दाखवलं, "आणि म्हणाल्या, त्याच्या प्रवासासाठी करा. आजारी बाईच्या हातात एवढा जोर असतो हे मला माहीत नव्हतं."

एन्दला हसली. आईचे ते हात. थंडीत सदा राखाडी लोकरीचे हातमोजे, त्यातल्या उजव्याचा अंगठा फाटला तेव्हा घरात राखाडी लोकर नव्हती म्हणून एन्दलानं तो हिरव्या लोकरीनं रफू केलेला. आईला तो हिरवा अंगठा बिलकूल आवडायचा नाही, आणि तिनं दुसरे मोजे कधी घेतलेही नाहीत. शवपेटीत झोपवताना एन्दलानं तेच तिच्या हातांत चढवले होते.

"आईनं वाट पाहिली," ती म्हणाली. "मी निरोप देते. कुणीतरी द्यायलाच हवा."

तिनं चौथ्या बाकाच्या खिटीला टिचकी मारली. टक्.

७

रविवारी सकाळी चौथ्या बाकाचं दार उघडं होतं.

तिनं ते तसंच राहू दिलं. काळा कोट घातला होता, केस नीट बांधले होते. घंटा वाजवून ती येऊन बसली, लहानपणीच्या जागेवर, भिंतीकडे. उजव्या हाताला दोन माणसांची जागा मोकळी. मागून लोक येत गेले. दारांच्या खिट्या वाजल्या, खोकले झाले, ओस्वाल्डनं पहिलं भजन जरा संथच धरलं. उघडं दार बघून तान्नरबाई तिच्याशेजारी बसायला आल्या, आत डोकावल्या, आणि का कोण जाणे, "माफ करा, भरलंय," असं पुटपुटून पुढच्या बाकात गेल्या.

एन्दलानं बाजूला पाहिलं नाही. वेदीकडे बघत राहिली.

गुरुजींनी यादी उघडली. पहिलं नाव. तान्नरबाईंचा दीर, त्या उठल्या, मेणबत्ती लावून आल्या. दुसरं. तिसरं. एकेक माणूस उठत होतं, बसत होतं, वेदीपुढे उजेड वाढत होता. एन्दला मनातल्या मनात निरोपाचे शब्द घोळवत होती. आलास, आता जा. रस्त्यानं जा. सातवं नाव. नववं. शेजारी बाकाची फळी किंचित करकरली, कुणी सरकून जवळ बसावं तशी. जा लेंबित, पेरलेलं तुडवू नकोस. अकरावं. बारावं. आता पाचच मिनिटं, आणि मग बावन्न वर्षांचं हे ओझं खाली.

तेरावं नाव झालं. कुण्या तरुण मुलीनं वात पेटवली.

आणि एन्दलाच्या मनगटावर हात पडला.

जोरानं आवळला. तिनं खाली पाहिलं, क्षणभरच, पापणी लवते तेवढं. राखाडी लोकर, आणि तिच्या नाडीवर दाबलेला हिरवा अंगठा.

"आणि," गुरुजी म्हणाले, "लेंबि—"

"थांबा!"

तिला उभं राहिल्याचं आठवत नाही. पण ती उभी होती आणि सगळं चर्च वळून तिच्याकडे बघत होतं. त्या गावात प्रार्थनेत कुणी शिंकलं तरी आठवडाभर चर्चा होते. तिथे एन्दला तामसालू ओरडली होती.

"ते नाव वाचू नका, गुरुजी," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "तो त्यांच्यात नाही."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. मग का कुणास ठाऊक, त्यांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. ते पांढरेफटक पडले.

"बरं," ते म्हणाले, आणि कागदाची घडी घातली.

चौदावी मेणबत्ती ताटात तशीच राहिली.

८

दुपारी एकला चर्च रिकामं झालं. जाताना कुणी तिच्याशी बोललं नाही. वर ओस्वाल्ड कागद आवरत होता. एन्दला चौथ्या बाकात तशीच बसून होती, हात मांडीवर ठेवून. मनगटावर चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे तांबूस वळ होते.

लेंबितला बोलावलं होतं. लेंबित आला नव्हता. येऊच शकला नव्हता. आली होती आई, जिला दरवर्षीप्रमाणे बोलावलं आणि यंदा पाठवलं नाही. सहा वर्षं ती तिकडे होती, आणि तिकडे तिनं आधी काय केलं असेल हे एन्दलाला सांगायची गरज नव्हती. तिनं त्याला शोधलं असेल. सगळीकडे. तो तिथे नाही, एवढंच सांगायला ती एकवीस बाक चालत आली होती.

एन्दला रडली. मग डोळे पुसले आणि रिकाम्या जागेकडे न बघता, घरातल्या मोठ्या माणसानं बोलावं तसं बोलली.

"बाबा, हेलमी मावशी, आई. आलात, जेवलात, आता जा. रस्त्यानं जा, पेरलेलं तुडवू नका." आणि मग, हे शब्द रिवाजात नव्हते, "तो आला की मी तुला कळवेन, आई."

बाकाचं दार बाहेरून हळूच लागलं. खिटी पडली. टक्.

मग पाचव्या बाकाशी, टक्. सहाव्याशी, टक्. आवाज सावकाश मागे मागे जात राहिला, डावीकडून, एकही न चुकवता. एन्दला मोजत होती. एकवीस टिचक्या झाल्या आणि मोठ्या दारातून गार वारा आत येऊन गेला.

"झाली का गं फेरी?" वरून ओस्वाल्ड ओरडला. "कुलूप नको लावूस, मी उतरतोय अजून. आणि सकाळी काय नाटक केलंस ते जरा समजावून सांग."

त्यानं कठड्यावरून वाकून पाहिलं. एन्दला चौथ्या बाकात बसलेली होती, दार बंद, हात मांडीवर. ओस्वाल्डनं मोठ्या दाराकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच त्याला काही मत सुचलं नाही.

घरी येऊन तिनं चौदावी मेणबत्ती टेबलाच्या खणात ठेवली. बाहेर चार वाजताच अंधारलं होतं. बंदराच्या बाजूनं बोटीचा भोंगा झाला, रोज होतो तसा. तिनं बटाटे उकडायला टाकले आणि मग, आपण काय करतोय याचा विचार न करता, दाराची लोखंडी कडी काढली. दार लोटून घेतलं.

तो मेलेल्यांत नाही. आईनं खात्री करून घेतली होती, आणि आईचं काम पक्कं असायचं. म्हणजे तो वाटेवरच आहे. खुर्चीत बसून एन्दलानं पहिल्यांदाच तो विचार शेवटपर्यंत केला. त्या बोटीतून कुणीच कुठे पोचलं नाही. आकाशाखाली अशी कुठली वाट असते, की जिच्यावर माणूस बावन्न वर्षं चालतो, मरतही नाही आणि पोचतही नाही? आणि तसा चालून चालून जो कुणी दारात उभा राहील, तो दिसेल कसा?

आईनं शेहेचाळीस वर्षं दार उघडं ठेवलं, ते आशेनं, असं एन्दला आजवर समजत आली होती. आईलाही असंच भय वाटलं असेल का, हे विचारायला आता कुणी उरलं नव्हतं. बटाटे शिजले. तिनं दोन ताटल्या काढल्या आणि दाराकडे तोंड करून जेवायला बसली.